कुंडीबाहेरचा निवडुंग

निवडुंगाची हौस आपल्याकडे बहुधा खिडकीच्या कठड्यावर सुरू होते आणि तिथेच संपते. तळहाताएवढी कुंडी, तीत हिरव्या दांड्यावर बसवलेला लाल नाहीतर पिवळा गोळा, आठवड्यातून एकदा चमचाभर पाणी आणि वर्षभरात कधीतरी झालेला अंत, असा तिचा क्रम ठरलेला असतो. या पुस्तकाचा विषय त्या कठड्यावर मावणारा नाही. ताठ उभे वाढणारे, खोडावर उभ्या धारा असणारे, कधी एकेकटे तर कधी बुंध्यापासून फांद्या फुटून दीपमाळेसारखे दिसणारे जे निवडुंग आहेत, त्यांना स्तंभी निवडुंग म्हणतात. हे एक कूळ नाही की एक जात नाही. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत निवडुंग कुळाच्या वेगवेगळ्या शाखांनी हा आकार स्वतंत्रपणे गाठला आहे. आपल्या माळावरचा त्रिधारी निवडुंग आणि कुंपणाचा शेर दिसायला त्यांच्या जवळचे वाटले, तरी ते वेगळ्या कुळातले आहेत. मोडल्यावर पांढरा चीक निघाला तर ते बहुधा निवडुंग कुळाचे नव्हेत, एवढी खूण घरच्या बागेला पुरते. खऱ्या निवडुंगाचे काटे लव असलेल्या एका ठिपक्यातून झुबक्याने फुटतात. फूलही त्याच ठिपक्यातून येते आणि नवी फांदीही.

या पुस्तकाच्या मुळाशी एकच विचार आहे आणि तो मला पटतो, म्हणूनच ही प्रस्तावना लांबली आहे. स्तंभी निवडुंग हे झाड आहे. शोभेची वस्तू म्हणून सांभाळायला गेले की ते फसते आणि आंबा-चिंच लावताना आपण जसा विचार करतो तसा करून लावले की साधते. पाऊस कधी पडतो, पाणी कुठे मुरते, पंचवीस वर्षांनी याची उंची किती असेल, फळ कोण खाईल, हे प्रश्न आधी यायला हवेत आणि नाव-किंमत-दुर्मिळता नंतर. प्रत्यक्षात हौशी संग्राहकांच्या जगात क्रम नेमका उलटा आहे. तो तसा का झाला, हे या छंदाचा इतिहास पाहिल्यावर कळते.

मेक्सिकोतल्या पुएब्ला आणि ओआहाका प्रांतांच्या सीमेवरचे तेहुआकानचे खोरे ही या वनस्पतींची सगळ्यात दाट वस्ती. २०१८ साली युनेस्कोने तेहुआकान-कुइकाटलानला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ती निसर्गासाठी आणि माणसाच्या तिथल्या दीर्घ वावरासाठीही. १९६०च्या दशकात रिचर्ड मॅकनीश यांच्या चमूने तिथल्या गुहा खणल्या, तेव्हा मक्याच्या इतिहासाबरोबर निवडुंगाच्या खाद्यवापराचेही अवशेष हाती आले. पण आपल्या दृष्टीने जास्त मोलाचे आहे ते त्या गावांमध्ये आजही चालू असलेले काम. अलेहान्द्रो कासास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टेनोसिरियस स्टेलाटस या स्तंभी निवडुंगाचा तीन ठिकाणी तौलनिक अभ्यास केला : रानात, शेतात राखलेल्या झाडांत आणि घरच्या परसात. परसातल्या झाडांची फळे मोठी, गोड, पातळ सालीची आणि कमी काट्यांची निघाली. शिवाय परसांत रानापेक्षा जास्त विविधता आढळली, कारण लोक आवडलेल्या झाडाची फांदी तोडून आणतात, शेजाऱ्याला देतात आणि आपोआप उगवलेले रोपही गोड निघेल या आशेने काही वर्षे राहू देतात. म्हणजे घरच्या बागेत स्तंभी निवडुंग लावणे हा कुणा श्रीमंत युरोपियनाचा शोध नव्हे. ती या वनस्पतींची सगळ्यात जुनी शेती आहे आणि तिच्यात कुंडी कुठेच नाही. त्याच देशात पॅकिसिरियस मार्जिनाटसची खोडे ओळीने रोवून जिवंत कुंपणे करतात. १९३१-३२च्या सुमारास हुआन ओगॉर्मन यांनी दिएगो रिवेरा आणि फ्रिदा काहलो यांच्यासाठी मेक्सिको सिटीत आधुनिक घरे बांधली. त्यांच्याभोवती असेच कुंपण उभे राहिले आणि ते मुळात खेड्यातले होते. उत्तरेकडे सोनोरा वाळवंटातले तोहोनो ओओधाम लोक उन्हाळ्याच्या टोकाला सग्वारो या स्तंभी निवडुंगाची फळे पाडतात, तीही त्याच झाडाच्या वाळलेल्या खोडातल्या लांब काठ्यांनी. चिलीतल्या सान पेद्रो दे आताकामाच्या जुन्या चर्चच्या छपराला निवडुंगाचे लाकूड वापरले आहे. लाकूड, फळ, कुंपण, पक्ष्यांची घरटी आणि वटवाघळांचे अन्न देणाऱ्या वनस्पतीला झाड म्हणायला एरवी कुणाची हरकत नसती.

हरकत आली ती थंडीमुळे. युरोपात निवडुंग पोचले तेव्हा हिवाळ्यात त्यांना काचघराशिवाय थारा नव्हता, आणि काचघराचे छत ठरावीक उंचीवर असते. १७५३मध्ये लिनीयसने सगळे निवडुंग एकाच प्रजातीत कोंबले. पुढच्याच वर्षी फिलिप मिलरने उभ्या वाढणाऱ्यांसाठी सिरियस ही वेगळी प्रजाती मांडली. त्यानंतरची दीडशे-दोनशे वर्षे या वनस्पतींचा अभ्यास म्हणजे मुख्यतः नामकरण. कार्ल शूमान १८९२मध्ये स्थापन झालेल्या जर्मन निवडुंग-संस्थेचे पहिले अध्यक्ष. त्यांनी शतकाच्या अखेरीस मोजक्या प्रजातींत सगळे कुळ बसवले. १९१९ ते १९२३ या काळात ब्रिटन आणि रोझ या अमेरिकन जोडीने चार खंडांत प्रजातींची संख्या शंभराच्या वर नेली. सग्वारोला कार्नेजिया हे नाव, दानशूर अँड्रू कार्नेगींच्या सन्मानार्थ, त्यांनीच दिलेले. पुढे कर्ट बाकेबर्ग यांनी सहा खंडांत प्रजातींची ती संख्या दोनशेंच्या पुढे रेटली आणि विक्रेत्यांची चंगळ झाली, कारण प्रत्येक नवे नाव म्हणजे यादीत एक नवी वस्तू. विसाव्या शतकाच्या अखेरीस वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुन्हा एकत्रीकरण सुरू केले, डेव्हिड हंट यांच्या २००६च्या कोशात त्याला स्थिर रूप आले, आणि डीएनएच्या पुराव्याने काही जोड पुन्हा उसवले. ट्रायकोसिरियस हे त्याचे ठळक उदाहरण. १९७४मध्ये ते एकिनॉप्सिसमध्ये विलीन झाले, २०१२च्या जनुकीय अभ्यासानंतर पुन्हा वेगळे काढले गेले आणि हौशी लोकांनी मधल्या काळात जुने नाव सोडलेच नव्हते.

हा सगळा खटाटोप व्यर्थ होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. नावाशिवाय वनस्पतीबद्दल बोलता येत नाही. पण त्यातून संग्रहाची एक सवय लागली, ती अजून सुटलेली नाही. एक जात, एक कुंडी, एक पट्टी. स्तंभी निवडुंगाची कुंडीतली दहा वर्षे म्हणजे त्याचे खुंटलेले बालपण. बहुतेकांना फूल यायला विशिष्ट उंची आणि वय लागते, आणि सेफॅलोसिरियस, पिलोसोसिरियस, एस्पोस्टोआ यांची सगळी ओळख ज्यात आहे तो फुलांचा लोकरी भाग प्रौढ झाल्याशिवाय दिसतच नाही. कुंडीतला संग्राहक ज्या जातीचे नाव सांगतो, ती त्याने पूर्ण पाहिलेली नसते.

या सवयीविरुद्ध एक दुसरी परंपरा उष्ण आणि सौम्य हवेच्या ठिकाणी वाढली. कॅलिफोर्नियात हंटिंग्टनच्या वाळवंटी उद्यानाची सुरुवात १९०७च्या सुमारास झाली. समुद्राकाठच्या कड्यावरचे मोनॅकोचे उद्यान १९३३मध्ये उघडले. अशा ठिकाणी पाश्चात्त्य प्रेक्षकांना ही झाडे पूर्ण उंचीची, जमिनीत, एकमेकांच्या सावलीत दिसली. कॅलिफोर्नियातच हॅरी जॉन्सन यांनी फुलांसाठी संकर केले. आज ट्रायकोसिरियसच्या नामांकित संकरांची जी लाट अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात आहे, तिची मुळे अशा कामात आहेत. जपानने वेडीवाकडी, फुगवट्यांची रूपे निवडून वाढवली. ती मला आवडत नाहीत, पण त्यांच्यामागची चिकाटी नाकारता येणार नाही.

भारतातली कथा एका फसलेल्या व्यापारापासून सुरू होते आणि तिचा परिणाम आजच्या वादापर्यंत पोचतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीला कोचिनील किड्यापासून मिळणारा लाल रंग हवा होता आणि तो किडा फड्या निवडुंगावर वाढतो, म्हणून त्या निवडुंगाला उत्तेजन मिळाले. १७९५मध्ये ब्राझीलहून आलेला किडा अपेक्षित रंगकिडा नव्हताच. त्याने रंग नीट दिला नाही, पण निवडुंगाची एक जात मात्र खाऊन संपवत आणली. दुसरी जात पुढे माळरानांवर पसरली आणि १९२६मध्ये श्रीलंकेतून आणलेल्या दुसऱ्या किड्याने ती आटोक्यात आली. हौसेचे निवडुंग नंतर आले : मध्य प्रदेशातल्या सैलानाच्या राजवाड्याची बाग, कालिंपाँगच्या रोपवाटिका, भुवनेश्वरच्या प्रादेशिक वनस्पती केंद्राचा संग्रह, १९८७मध्ये उभे राहिलेले आणि आता डॉ. जे. एस. सरकारिया यांचे नाव असलेले पंचकुल्याचे राष्ट्रीय निवडुंग उद्यान. महाराष्ट्रात पुष्पप्रदर्शनांतून आणि रोपवाटिकांतून निवडुंग घराघरांत गेला, पण स्तंभी निवडुंगाच्या वाट्याला चमत्कारिक भूमिका आली. मिर्टिलोकॅक्टस रानात कित्येक फांद्यांचा डेरेदार वृक्ष होतो आणि बोराएवढी जांभळी फळे देतो. आपल्याकडे तो खुंट म्हणून वाढवतात, चार बोटांवर कापतात आणि त्यावर गोल निवडुंगाचे कलम करतात. ज्याच्या मुळांवर आपला अर्धा छंद उभा आहे ते झाड पूर्ण वाढलेले आपण पाहिलेले नाही.

मग हे झाड आपल्याकडे जमिनीत वाढेल का? पहिला आक्षेप इथेच येतो : निवडुंग वाळवंटाचा, आपल्याकडे चार महिने मॉन्सून, कुजणारच. या आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचा पाया चुकीचा आहे. सग्वारोच्या प्रदेशातले टूसॉन शहर घ्या. तिथे वर्षाला सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला निम्म्याच्या आसपास उन्हाळ्यातल्या वादळी पावसाळ्यात. तेहुआकानचा पाऊस मे ते ऑक्टोबर. ईशान्य ब्राझीलच्या काटेरी रानात सिरियस हमाकारू वाढतो, तोही उष्ण ऋतूतल्या पावसावर. दुष्काळात तिथले शेतकरी त्याचे काटे जाळून गुरांना घालतात. म्हणजे बरेचसे स्तंभी निवडुंग वाळवंटाचे नसून कोरड्या उष्णकटिबंधीय रानाचे आहेत आणि त्यांची वाढ उन्हाळी पावसावर ठरते. सोलापूर-अहिल्यानगरच्या पर्जन्यछायेतला ५००-६०० मिलिमीटर किंवा पुण्याचा सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस त्यांना परका नाही. परके आहे ते साचलेले पाणी. मुरमाच्या उंच ओट्यावर आषाढात भिजणारा सिरियस जोमाने वाढतो आणि काळ्या मातीच्या खळग्यात तोच बुडाशी मऊ पडतो. कोरडे ठेवण्याची जी शिस्त युरोपियन पुस्तकांतून आपल्याकडे आली, ती थंडी आणि ओल एकत्र येणाऱ्या देशांची आहे. उबदार ओल आणि मोकळी मुळे हे वेगळे गणित आहे, आणि पावसाळ्यात पाणी तोडून हिवाळ्यात खिडकीत लाड करणारे आपले हौशी लोक झाडाचा ऋतूच उलटा करतात.

पण आक्षेपाचा उरलेला भाग खरा आहे आणि पुस्तकाने तो लपवलेला नाही. निवडुंग रात्री श्वसनछिद्रे उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतो आणि दिवसा ती मिटून प्रकाशात त्याचे अन्न करतो. रात्र जितकी गार, तितका हा व्यवहार कमी पाण्यात होतो. अँडीजमध्ये तीन हजार मीटर आणि त्याहून उंच भागात राहणारा ओरिओसिरियस पांढऱ्या केसांमुळे सगळ्यांना हवासा वाटतो, पण मुंबईच्या दमट, उकडत्या रात्री त्याला सोसत नाहीत. दख्खनच्या पठारावर डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्री त्याला थोडा आधार देतात, तेवढेच. चिलीच्या किनाऱ्यावरची युलिक्निया धुक्यावर जगते. तिला पुण्यात लावणे हा हट्ट आहे. सग्वारो बहुतेकांचे स्वप्न असते, पण पहिल्या आठ वर्षांत तो साधारण तीन-चार सेंटिमीटर वाढतो आणि पहिली बाजूची फांदी यायला पन्नास-पाऊणशे वर्षे लागतात. बी पेरणाऱ्याने ते नातवंडांसाठी पेरावे. उलट सिरियस, मिर्टिलोकॅक्टस, पिलोसोसिरियस आणि स्टेनोसिरियस यांच्यातल्या उष्ण भागातल्या जाती थोड्याच वर्षांत माणसाच्या डोक्यावर जातात. संग्रहाची निवड नावांच्या यादीवरून न करता मूळ ठिकाणाच्या पर्जन्यमानावरून केली, तर नुकसान निम्मे टळते. म्हणूनच बी किंवा रोप कुठल्या डोंगरावरचे, किती उंचीवरचे, ही नोंद नावापेक्षा उपयोगी ठरते. दक्षिण अमेरिकेत फिरलेल्या फ्रीडरिश रिटरसारख्या संग्राहकांनी प्रत्येक नमुन्याला क्षेत्र-क्रमांक देण्याची रीत पाळली. कुंडीच्या परंपरेतली हीच गोष्ट जमिनीतल्या बागेने उचलण्यासारखी आहे.

झाड मानले की आणखी काही गोष्टी आपोआप बदलतात. छतावर ठेवलेल्या उंच निवडुंगाचे खोड प्रत्येक कमी उजेडाच्या काळात बारीक होते आणि पुढच्या उन्हात पुन्हा जाड होते. ती बारीक कंबर आयुष्यभर राहते आणि वाऱ्यात तिथेच मोडते. शेडनेटखालून आणलेले रोप एप्रिलच्या उन्हात एकदम ठेवले की भाजते आणि तो डाग जात नाही. छाटाने वाढवलेला निवडुंग लवकर उंच होतो, पण एकाच आईच्या छाटांनी भरलेल्या गावात फळ क्वचित दिसते, कारण सिरियससारख्या अनेक स्तंभी निवडुंगांत स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. इस्रायलमध्ये सिरियसची फळबाग करताना हाच प्रश्न आला आणि उत्तर होते वेगवेगळ्या वंशांची झाडे शेजारी लावणे. घरच्या बागेतही बियांपासून वाढलेली दोन-तीन झाडे हवीत. ती छाटापेक्षा मागे राहतील, पण फळाची शक्यता त्यांच्यामुळेच येते.

फळ आले की दुसरा आक्षेप जोरात येतो : परदेशी झाड, बी पक्षी नेणार, उद्या माळ व्यापला तर? फड्याचा इतिहास समोर असताना हा प्रश्न कुणी विचारला तर त्याला हसण्यावारी नेता येत नाही. दक्षिण आफ्रिकेत सिरियस हमाकारू घोषित तण आहे. तिथे आणि ऑस्ट्रेलियात हॅरिसिया या दुसऱ्या निवडुंगाला आवर घालण्यासाठी पिठ्या ढेकणाची जात सोडावी लागली. त्याच प्रकारच्या ढेकणाने पोर्तो रिकोत स्थानिक स्तंभी निवडुंगांचा जीव धोक्यात आणला. उपाय एका दिशेचा असला तरी परिणाम त्याच दिशेला थांबत नाही, हे यातून दिसते. माझ्या मते यातून बागेवर बंदी निघत नाही. बंधन निघते. फळे झाडावर पिकून पडू देऊ नयेत, तोडलेल्या फांद्या ओढ्याकाठी किंवा गायरानावर टाकू नयेत, कारण टाकलेला तुकडा मूळ धरतो. ज्याला हे जमणार नाही त्याने एकाच वंशाची, फळ न धरणारी झाडे ठेवावीत. देशी पर्याय म्हणून त्रिधारी निवडुंग आहेच, आणि कुंपणासाठी तोच अधिक योग्य, असे मी म्हणेन.

तिसरा आक्षेप वास्तूचा. घरात काटेरी झाड नको, असे सांगणाऱ्यांच्या घरीच गॅलरीत ब्रह्मकमळ असते. ते फुलते त्या रात्री शेजारपाजार जमतो, हळदकुंकू वाहिले जाते, आणि ते झाड निवडुंग कुळातलेच आहे. स्तंभी निवडुंगाची फुलेही बहुतेक तशीच रात्री उमलणारी, पांढरी आणि पहाटेनंतर मिटणारी. काट्यांची व्यावहारिक अडचण मात्र खरी आहे. मुले खेळतात तिथून दोन हात अंतर सोडणे भागच आहे.

चौथी गोष्ट आक्षेपापेक्षा इशाऱ्याच्या जवळ जाते, आणि पुस्तकाचे आजचे महत्त्व तिच्यात आहे. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार निवडुंग कुळातल्या ३१ टक्के जाती धोक्यात आहेत, आणि कारणांमध्ये शेती आणि वसाहतींबरोबर संग्राहकांसाठीची उचल हेही एक आहे. वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबाबत १९७५मध्ये लागू झालेल्या साइट्स करारात जवळजवळ सगळे निवडुंग कुळ नियंत्रणाखाली येते. तरीही २०२०मध्ये इटलीत चिलीच्या रानातून उपटलेले हजारावर निवडुंग जप्त झाले आणि पुढच्या वर्षी परत पाठवावे लागले. सग्वारो राष्ट्रीय उद्यानात चोरीच्या भीतीने झाडांत चिप बसवल्या आहेत. फोनवर बोट फिरवून कुठल्याही देशातला निवडुंग मागवता येत असताना आपला नवा संग्राहक या साखळीचे शेवटचे टोक ठरू शकतो. म्हातारे, खरचटलेले, मुळे तोडलेले झाड स्वस्तात मिळाले, तर ते कुठून आले हे विचारायला हवे. बी पेरणे संथ असले तरी ते कुणाच्या रानाचे देणे लागत नाही. पाणी वाचते म्हणून निवडुंग लावा, असे हल्ली सांगतात. तो मुद्दा मला कमकुवत वाटतो, कारण पाणी वाचवायचेच असेल तर माळावरची देशी झुडपे पुरेशी आहेत.

या पार्श्वभूमीवर पुस्तकाने मर्यादित काम अंगावर घेतले आहे. जगातल्या सगळ्या स्तंभी निवडुंगांचा कोश ते देत नाही. जातींची मांडणी वर्णक्रमाने किंवा प्रजातींच्या वंशावळीने केलेली नाही, ती मूळ ठिकाणच्या पावसानुसार केली आहे. त्यामुळे एकाच प्रजातीतल्या दोन जाती पुस्तकात दूरदूर सापडतात, आणि वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते खटकेल. जिथे नावे वादग्रस्त आहेत तिथे रोपवाटिकेत चालणारे नाव पुढे आणि शास्त्रीय मत मागे ठेवले आहे. हा निर्णय मला पूर्ण पटला नाही, पण खरेदीला जाणाऱ्याच्या सोयीचा आहे. कलमांना थोडीच पाने दिली आहेत, संकरांना त्याहून कमी. माती, ओटा आणि निचरा यांना सगळ्यात जास्त जागा मिळाली आहे आणि ती योग्य आहे. ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस झेलणाऱ्या कोकणासाठीचा भाग सर्वांत लहान आहे : उतारावरचा जांभा, छपराखालची जागा आणि थोड्या सोशीक जाती, इतकेच त्यात आहे. तिथल्या वाचकाने पठारावरच्या प्रकरणांतले अंतर, ओट्याची उंची आणि पाण्याचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलू नये.